पगार घेऊन गवत निवडणारी माणसं

रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी चार ओळखीची माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "कुंदाताई, तुमच्या त्या गवताच्या ऑफिसातलं काही सांगा न!" आता काय काय सांगू, बाप्पा? गवतातून चालत आलं की साडीच्या काठाला कुसळं चिकटतात न, तसं आहे हे. एक काढायला बसावं तर दहा निघतात. आणि मुद्दाम गोळा केलेलं त्यात एकही नसतं!

तर ऐका. भिलाईत तेव्हा ज्याला त्याला स्टील प्लांटची नोकरी. आमचे हेही प्लांटमध्येच, टाइम ऑफिसात क्लार्क. क्वार्टर सेक्टर सहामध्ये. मी मात्र रोज सायकल काढून कोहक्याला जायची. तिथं भाड्याच्या घरातल्या दोन खोल्यांत आमची बी तपासायची लॅब होती. शेतकरी बियाणं म्हणून जे धान, म्हणजे भात, विकणार, त्याचा नमुना आमच्याकडे यायचा. तो पांढऱ्या पाटावर पसरायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि चिमट्यानं एकेक दाणा बाजूला करायचा. चांगलं बी इकडे, कचरा तिकडे, आणि गवताचं बी अगदी वेगळं. कारण गवताच्या दाण्यावरच सगळा निकाल!

आम्ही चौघंच. तिवारी साहेब रीव्याकडचे, हिंदी बोलणारे, पोटानं मोठे आणि मनानंही. चाळण्या मारायला बुधियारिनबाई, इथलीच, खुर्सीपारची. तपासायला मी आणि ठवरे. ठवरे म्हणजे भंडाऱ्याकडचा पोरगा, सव्वीस-सत्तावीसचा, सरळ नाकाचा आणि त्याहून सरळ जिभेचा. त्याच्याबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे. आधी माझ्या सासूबाईंचं ऐकून घ्या.

* * *

सासूबाई वर्ध्याहून राहायला आल्या होत्या. मी नोकरीला जाते म्हणजे काय करते, हे त्यांना एकदा सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "घरचे तांदूळ निवडाचा हिले कंटाळा येते, आन् तिथं पगार घेऊन निवडते!"

दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत डब्याखाली एक जड पुडकं. दोन किलो तांदूळ! सोबत निरोप, "दुपारी मोकळी असली की करून टाक."

मी ते पुडकं टेबलाखाली लपवलं. तिवारी साहेबांना दिसलं. मी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. साहेब दोन मिनिटं गंभीर झाले. मग म्हणाले, "माताजी का सॅम्पल है, मना कैसे करें?" आणि त्यांनी त्याला चक्क नंबर दिला!

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघांनी मिळून ते दोन किलो तांदूळ तपासले. ठवरेनं रिपोर्ट लिहिला. गवताचं बी सात, खडे अकरा, उंदराची लेंडी एक. खाली सही.

सासूबाईंना तो कागद मी गंमत म्हणून दिला. त्यांनी तो ब्लाउजमध्ये खोचला, पदर घेतला आणि सरळ सेक्टर सहाच्या मार्केटमध्ये किराणावाल्याच्या गादीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं मुकाट्यानं तांदूळ बदलून दिले. पुढचे दोन महिने आमच्या ब्लॉकमधल्या बायका मला पाहिलं की आपापले डबे घेऊन जिन्यात उभ्या!

* * *

आमच्या लॅबमध्ये पंखा होता. पण काम सुरू असताना तो लावायचा नाही, हा पहिला नियम. गवताचं बी इतकं हलकं, की जोरात श्वास सोडला तरी पाटावरून उडून जातं. मे महिन्यात भिलाईत, पत्र्याच्या खोलीत, बिनपंख्याचं बसून पाहा एकदा! शिंक आली तर मान वळवून, रुमाल लावून शिंकायचं. हसू आलं तर उठून बाहेर जाऊन हसायचं. आमच्याकडे बाहेर जाऊन हसून परत येणं हे ऑफिसचंच काम होतं.

एकदा आमचे हे मला डबा द्यायला आले. मी घरीच विसरले होते. दारात उभे राहून यांनी पाहिलं, घामानं थबथबलेली तीन माणसं तोंडं खाली घालून गप्प बसली आहेत. यांना वाटलं, कोणी गेलं बिलं की काय! मग म्हणाले, "अगं, इतक्या गरमीत पंखा कावून बंद ठेवला?"

मी "नका, नका" म्हणेपर्यंत यांनी बटण दाबलं होतं.

ठवरेचे तीन दिवसांचे वेचलेले दाणे खोलीभर झाले. कुठं भिंतीला, कुठं साहेबांच्या फाइलीवर, कुठं माझ्या केसांत. आम्ही सगळे जमिनीवर रांगत होतो आणि हे डबा धरून मध्ये उभे. यांना हलूही देईनात कोणी! ठवरेनं यांच्या चपलेखालून, शर्टाच्या कॉलरमधून एकेक दाणा चिमट्यानं काढला. अर्ध्या तासानं म्हणाला, "भाऊजी, तुमच्याजवळ एकोनतीस निघाले. आता जा तुमी."

त्यानंतर आमचे हे जे फाटकाबाहेर उभे राहायला लागले, ते मी रिटायर होईपर्यंत.

* * *

तेव्हा हे सगळं मध्यप्रदेशातच. वरचा साहेब यायचा तो भोपाळहून. असाच एक मोठा साहेब तपासणीला आला. सोबत जाडजूड इंग्रजी पुस्तक, त्यात गवताच्या बियांची चित्रं. आल्याबरोबर त्यानं खिशातून एक काचेची कुपी काढली आणि मला विचारलं, हे काय? मी म्हटलं सावा आहे. तो हसला. "सांवा तो सब बोलते हैं. कौन सा सांवा?"

मी भिंग घेतलं. ठवरेनं भिंग घेतलं. तेवढ्यात बुधियारिनबाई चहा घेऊन आली. तिनं कुपीतले चार दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, अंगठ्यानं चोळले आणि म्हणाली, "मेड़ वाला आय, साहेब. पानी वाला नोहय." म्हणजे बांधावरचा आहे, पाण्यातला नाही.

मोठा साहेब खवळला. अशी फुंकर मारून शास्त्र होतं का? तो पुस्तक उघडून बसला. चहा थंड झाला. दुसरा आणला, तोही थंड झाला. दोन तासांनी त्यानं पुस्तक मिटलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मेड़ वाला ही है."

बुधियारिनबाई चाळणी झटकत म्हणाली, "तुमन किताब ल देखव, साहेब. मैं त एला जिनगी भर निंदे हंव!" आयुष्यभर तिनं तेच गवत निंदलं होतं हो!

जाताना मोठ्या साहेबानं तिला नमस्कार केला. आम्हाला नाही केला.

* * *

आता ठवरे. या माणसाला खोटं बोलता यायचं नाही. न बोलून चालेल तिथंही तो खरं बोलायचा! त्याचा पहिला मोठा बळी म्हणजे आमचे तिवारी साहेब.

साहेबांना मासे धरायचा भारी शौक. एका दिवशी ते "दुर्ग में मीटिंग है" म्हणून सकाळीच निघून गेले. दुपारी तिवारी वहिनी मीटिंग संपली का पाहायला लॅबमध्ये आल्या. त्यांच्या आईला स्टेशनवर सोडायचं होतं, आणि साहेबांनी मीटिंगचं कारण सांगून अंग काढून घेतलं होतं. वहिनी बसल्या आहेत, मी त्यांना चहा देऊन राहिले, तेवढ्यात साहेब हजर. कपडे नीट, केस नीट, हातात फाइल. एकदम मीटिंगहून आलेला माणूस!

ठवरेची नजर साहेबांच्या मोज्यांवर गेली. त्याचे डोळे चमकले. चिमटा घेऊन तो खाली बसला, मोज्यात अडकलेलं एक कुसळ अलगद काढलं आणि आनंदानं म्हणाला, "सर, ये तो तालाब के किनारे का घास है! हमारे पास इसका नमूना नहीं था. कहाँ मिला?"

तिवारी वहिनींनी कप खाली ठेवला. "मीटिंग तालाब में थी क्या?"

ठवरेला अजूनही कळलं नव्हतं. तो कुसळ कुपीत घालून लेबल लिहीत होता, आणि लिहिता लिहिता विचारतो, "सर, कौन से तालाब का लिखूँ?"

पुढं साहेबांनी मोजे घालणं सोडलं. भर थंडीतही सँडल!

* * *

अशा पोराचं लग्न जमवायचं काम माझ्यावर आलं. त्याची आई भंडाऱ्याला, बहीण नाही, वडील लहानपणीच गेलेले. म्हणाला, "ताई, तुमीच पाहा." दुर्गला एक स्थळ होतं. बापूराव म्हणून मोठे शेतकरी. चार पिढ्यांपासून तिकडेच राहिलेलं मराठी घर. धानाचं बियाणं पिकवण्यात पंचक्रोशीत नाव. मुलगी वंदना, शाळेत शिकवायची. हसरी, चुणचुणीत.

दिवाळीला ठवरेची आई भंडाऱ्याहून आली, मग ती, ठवरे आणि मी, तिघं गेलो. पोहे आले. वंदना आली. दोन-चार प्रश्न झाले. पोरगी छान बोलली. ठवरे तिच्याकडे असा पाहत होता, की पोह्यांचा घास त्याच्या हातातच राहिला होता. मी मनात म्हटलं, चला, जमलं!

बापूरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मग? कशी वाटली आमची पोरगी? पसंत आहे न?"

आणि या बाबानं काय सांगावं? "आमच्याकडं नियम आहे, काका. एकदा पाहून निकाल देत नाई. अजून एकदा पाहावं लागन."

माय वो! मला वाटलं जमीन फाटावी. ठवरेच्या आईनं पदर तोंडाला लावला. बापूराव हळूहळू उभे राहिले. "माही पोरगी काय धानाचं पोतं वाटली का तुले? एक मूठ काढून पाह्यली, आता दुसरी मूठ काढतो? उठा. चहा झाला असन तर उठा!"

आतून, स्वयंपाकघरातून, कोणीतरी जोरात हसलं. वंदनाच होती.

येताना टेम्पोत मी त्याला इतकी बोलले, इतकी बोलले! तो बिचारा खाली मान घालून बसला होता. शेवटी म्हणाला, "ताई, मले पसंत आहे. लय पसंत आहे. पन हाव म्हटलं असतं तर लग्नापर्यंत मंग दिसलीच नसती न ती. अजून एकदा दिसावी म्हणून म्हटलं."

आता या माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा!

* * *

मी काय कमी खटपट केली? दोनदा दुर्गला गेले. बापूराव चहा द्यायचे, पानसुपारी द्यायचे, शेतातली वांगी द्यायचे, पण विषय काढला की एकच, "त्या पास-नापासवाल्याचं नाव काढू नका." वंदना मात्र मला फाटकापर्यंत सोडायला यायची. एकदा म्हणाली, "कुंदाकाकू, त्यांना सांगा, दुसऱ्या वेळी मीच पाहून घेईन." तिनं दोन स्थळांना नाही म्हटलं होतं. घरात रोज धुसफूस. अखेर बापूरावांनी सांगून टाकलं, राजनांदगावचा बँकेतला मुलगा आहे, होळीपर्यंत वाट पाहीन, मग तारीख धरीन.

ठवरेला मी हे सांगितलं. तो त्या दिवशी एकाच नमुन्यावर संध्याकाळपर्यंत बसून होता. भिंग डोळ्याला, पण पाहत काहीच नव्हता. बुधियारिनबाई मला म्हणाली, "बाई, ये टूरा ह सूखत जात हे." खरंच सुकत चाललं होतं पोट्टं. मला फार वाईट वाटायचं.

* * *

आणि आता ज्यासाठी तुम्ही इतका वेळ बसलात, ते सांगते.

फेब्रुवारीचे दिवस. धानाच्या नमुन्यांचा ढीग. नमुन्यावर शेतकऱ्याचं नाव नसतं, फक्त नंबर. नाव साहेबांच्या कपाटातल्या रजिस्टरमध्ये. त्यामुळे कोणाचं धान तपासतो आहोत हे आम्हाला कळायचं नाही, आणि तेच बरं असायचं.

ठवरेनं एक नमुना तपासला. सुंदर धान होतं. भरलेलं, एकसारखं, पिवळंधमक. पण त्यात करगा निघाला. करगा म्हणजे रानटी धान, धानाचाच आगाऊ भाऊ. दिसायला थेट धान, पण गवत ते गवतच. शेतात पिकण्याआधीच झडून जातो आणि पुढच्या वर्षी दुपटीनं उगवतो. एका पोत्यात चार दाणे गेले, की सगळ्या गावाच्या डोक्याला ताप! वरून साल धानासारखी, खरडली की आत लाल तांदूळ. आमच्या नियमात नमुन्यामागे दोन दाणे चालायचे. तिसरा निघाला की ते धान बियाणं म्हणून विकायचं नाही. ठवरेला तीन निघाले. तिन्ही त्यानं खरडून पाहिले. लाल. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी परत पाहिलं. तीनच. त्यानं निकाल लिहिला, सही केली.

रिपोर्ट टाइप करायचं काम माझं. साहेबांनी रजिस्टर उघडून नाव सांगितलं आणि माझी बोटं मशीनवरच थांबली. बापूराव!

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पाप आलं. मी ठवरेला व्हरांड्यात नेलं आणि हळूच म्हटलं, "हे पाह्य, ते धान बापूरावाचं आहे. एका दाण्याचा तर प्रश्न आहे. तिसरा दाणा मी खाल्ला असं समज अन् दोन लिही."

त्याचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाला, "ताई, तुमी खाल्ला तरी तो करगाच राह्यते न."

"अन् वंदना?"

"तिच्याच घरचं धान आहे, ताई. खोटं लिहून तिच्या घरी कोनत्या तोंडानं जाऊ?" आणि डोळे पुसत आत गेला. मी रडतरडत रिपोर्ट टाइप केला. तीन.

चार दिवसांनी फाटकाशी जीप थांबली. बापूराव! हातात रिपोर्ट, चेहरा लालबुंद. मागून वंदनाही उतरली. बापाला एकटं सोडायची तिची हिंमत झाली नसावी.

बापूराव आत आले ते गरजतच. "कुठं आहे तो? चाळीस वर्षं धान पिकवून राहिलो मी! माह्या धानात करगा? मी पोरगी दिली नाई म्हणून यानं सूड घेतला, साहेब! मी भोपाळपर्यंत जाईन! याची नोकरी नाई घालवली तर नाव सांगनार नाई!"

साहेब मराठी बोलत नसत, पण इतकं त्यांना कळलं. ते उठून आले. "आप बड़े आदमी हैं, बैठिए तो सही." बापूराव बसेनात. ठवरे खुर्चीवरून उठला. वंदनाकडे त्यानं एकदाच पाहिलं, मग कपाटातून दोन पाकिटं काढली. तपासलेला नमुना आम्ही जपून ठेवायचो. एका पाकिटात ते तीन दाणे, दुसऱ्यात चांगलं धान.

"काका, तुमीच पाहा."

"पाहतोच! कोनाचं भिंग नको मले!" म्हणत बापूराव पाटाशी बसले. तीन दाणे हातात घेतले. पाहिले. खरडलेली साल, आत लाल. पण हार मानेल तो बापूराव कसला? त्यांनी दुसरं पाकीटही पाटावर रिकामं केलं. "आता यात काय काय चुकलास तेही पाहतो!"

आणि सुरू झाले. बिनभिंगाचे, बिनचिमट्याचे. बोटानं एकेक दाणा सरकवत. आम्ही सगळे भोवती उभे. एक तास गेला. दीड तास गेला. टोपी काढून बाजूला ठेवली. बुधियारिनबाईनं पाणी आणलं, ते तसंच राहिलं. बोलणं बंद, राग बंद. कोणाचं धान, कोणाचा रिपोर्ट, सगळं विसरून माणूस नुसता दाणे पाहत होता. दाणे पाहायला बसलेल्या माणसाचं असंच होतं, मला माहीत आहे.

एका दाण्यापाशी त्यांचं बोट थांबलं. मला तर तो इतर धानासारखाच दिसला. तसाच पिवळा, तसाच भरलेला. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला, पोटावरून नख फिरवलं आणि दातात धरून कट्कन फोडला. तळहातावर थुंकले.

लाल!

"चौथा!" बापूराव ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. "हा पाहा चौथा! तीन म्हणते! अरे चार आहेत, चार! मले शिकवते करगा ओळखाले! पाहा साहेब, पाहा! वंदे, पाह्य! चार आहेत माह्या धानात!"

तिवारी साहेब सँडलकडे पाहत होते. वंदनानं ओढणीनं तोंड दाबलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. मी नियमाप्रमाणे बाहेर जायला निघाले होते, पण पाय निघेना.

आपण काय ओरडलो हे बापूरावांना हळूहळू कळलं. हात खाली आला.

ठवरे पुढे झाला. त्यानं तो फुटका दाणा त्यांच्या तळहातावरून उचलला. भिंग घेतलं नाही. पाहिला आणि म्हणाला, "बरोबर आहे, काका. चार आहेत. चूक माही झाली." टेबलाशी बसून त्यानं आमच्याकडच्या रिपोर्टमधला 'तीन' खोडला, 'चार' लिहिलं आणि शेजारी सही केली.

बापूराव पाहतच राहिले. "चूक झाली म्हणून राहिला?"

"हाव, काका."

"सगळ्यांसमोर?"

"हाव."

बापूरावांनी खुर्ची सरळ केली आणि बसले. टोपी उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली. मग माझ्याकडे वळले. "कुंदाबाई, छत्तीस वर्षं झाली लग्नाले. माह्या घरात हे वाक्य एकदाही कोनी बोललं नाई. मी तर नाईच नाई."

"खरं आहे," वंदना मागून म्हणाली.

बापूरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग ठवरेकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, पुन्हा वरपासून खालपर्यंत. घसा खाकरला. आणि पहिल्यांदाच त्याला 'तुमी' म्हणत विचारलं, "तुमच्या आईले भंडाऱ्याहून इकडं बोलवाचं म्हटलं, तर किती दिवस लागतीन?"

ठवरेनं चिमटा खाली ठेवला. "आई इथंच आहे, काका. दिवाळीपासून येऊन बसली आहे, जाऊनच नाई राहिली."